गोळी पोटात जाते, बोलणं कुठं जातं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. धाकटा भाऊ, वय २९, अंबड एमआयडीसीत नोकरी. सहा महिन्यांत तीनदा अपरात्री छातीत धडधड, हातापायांना मुंग्या आणि 'आता मी जातो' ही भीती. तिन्ही वेळा त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळे रिपोर्ट नॉर्मल. हृदयरोगतज्ज्ञांनी हृदय ठणठणीत आहे असं सांगून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी पॅनिक डिसऑर्डर असं निदान केलं, एक गोळी सुरू केली आणि सीबीटीची (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर बोलून आणि प्रयोग करून काम करणारा उपचार) बारा सेशन्स करायला सांगितली. आई रोज रात्री त्याच्या छातीवर हात ठेवून बसते. आणि तुम्ही विचारता, 'गोळी निदान पोटात तरी जाते, बोलणं कुठं जातं? नुसत्या गप्पांनी आजार बरा होतो याला काही पुरावा आहे का?'

मी नाशिकमध्ये सतरा वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. हाच प्रश्न माझ्यासमोर बसून कितीतरी वडिलांनी, नवऱ्यांनी, सासवांनी विचारला आहे, आणि मला तो योग्यच वाटतो. ज्या उपचाराला वेळ आणि पैसा लागतो त्याचा पुरावा मागायलाच हवा. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. ही पद्धत चालते असं संशोधन सांगतं का, हा एक. आणि तुमच्या भावाला तीच पद्धत, तशीच, इथं मिळेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बरंच स्पष्ट आहे. दुसऱ्याचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुमच्या दृष्टीनं तेच जास्त महत्त्वाचं आहे.

आधी 'गप्पा' या शब्दाबद्दल. एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आडगावकडून अंबडला बाइकवर जाणारा एक तरुण. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या उड्डाणपुलावर त्याला एकदा अटॅक आला. त्या दिवसापासून त्यानं पूल सोडला. खालून, द्वारका चौकाच्या गर्दीतून जायचा, रोज अर्धा-पाऊण तास जास्त. खिशात कुणीतरी दिलेली जिभेखाली ठेवायची गोळी, डिकीत पाण्याची बाटली, मोबाइलवर डॉक्टरांचा नंबर सगळ्यात वर. चौथ्या सेशनला मी त्याला आमच्या इमारतीचे तीन मजले दोनदा भरभर चढून यायला सांगितलं. आला तो हात मानेवरच्या नाडीवर ठेवूनच. मी विचारलं, आता काय होईल? म्हणाला, "मॅडम, अजून दोन मिनिटं असंच राहिलं तर मी पडणार." किती खात्री? "पंच्याऐंशी टक्के." ते कागदावर लिहून घेतलं आणि दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. त्याला नाडी सोडायला सांगितली, पाणी दिलं नाही, 'काही होणार नाही' असंही म्हटलं नाही. सातव्या मिनिटाला तो म्हणाला, "उतरलं." मग त्याच कागदावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'पडलो नाही. घाम आला.' पुढच्या वेळी तेच परत केलं तेव्हा खात्रीचा आकडा चाळीसवर आला होता.

यामागचा विचार असा. १९८६ साली डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी पॅनिकचं एक स्पष्टीकरण मांडलं. शरीरात काहीतरी साधंसं होतं, धडधड, चक्कर, धाप. माणूस त्याचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावतो. त्या अर्थामुळे भीती वाढते, भीतीमुळे धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड त्या अर्थाला पुरावा म्हणून उभी राहते. श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या येतात. म्हणजे मुंग्याही खऱ्या, धडधडही खरी, फक्त त्यांचा लावलेला अर्थ चुकीचा. हा अर्थ समजावून सांगून बदलत नाही. तुमच्या भावाला तीन डॉक्टरांनी 'हृदय ठीक आहे' असं सांगितलंच आहे की. तो बदलतो स्वतः करून पाहिल्यावर. म्हणून जिना, म्हणून बारीक स्ट्रॉमधून श्वास, म्हणून खुर्चीवर गोल फिरणं. दमा, फिट्स, गरोदरपण असेल तर यातले काही प्रयोग टाळतो किंवा बदलतो, आणि हृदयाची तपासणी झाल्याशिवाय सुरूच करत नाही. तुमच्याकडे ती झालेली आहे. त्या तरुणानं पुढे आधी मित्राच्या मागे बसून पूल ओलांडला, मग एकट्यानं, मग बाटली आणि गोळी घरी ठेवून.

आता पुरावा. सीबीटीची पायाभरणी १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात अॅरन बेक यांनी केली. त्याच्या थोडं आधी अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली होती. कि. मो. फडके यांच्यामुळे ती अनेक मराठी वाचकांना माहीत आहे. बेक यांनी एक मोठं काम केलं. आपली पद्धत पायरी पायरीनं लिहून काढली. त्यामुळे दुसऱ्या कुणालाही ती तशीच देऊन, औषधाची करतात तशी तिची परीक्षा घेता आली. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट करायचे, एकाला हे, दुसऱ्याला ते, आणि कोण किती सुधारलं ते मोजायचं. १९७७ मध्ये डिप्रेशनच्या ४१ रुग्णांवर असा पहिला महत्त्वाचा अभ्यास आला. समोर इमिप्रामिन हे त्या काळातलं नेहमीचं औषध होतं, आणि बेक यांची पद्धत त्यापेक्षा सरस ठरली. गट फार लहान होता, त्यामुळे त्या एका निकालावर मी कुणाला उपचार सुचवला नसता. पण तिथून रांग लागली.

तुमच्या भावाच्या आजाराचंच बघा. २००० साली अमेरिकेत पॅनिकच्या ३१२ रुग्णांवर अभ्यास झाला. काहींना सीबीटी, काहींना इमिप्रामिन, काहींना दोन्ही, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. उपचार चालू असताना सीबीटी आणि औषध दोन्ही उपयोगी पडले. फरक पडला तो उपचार थांबवल्यावर. पुढच्या सहा महिन्यांत सीबीटी घेतलेल्यांची सुधारणा जास्त टिकली. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच भाग, कारण डिप्रेशनमध्येही तो पुन्हा दिसला. २००५ मध्ये मध्यम ते तीव्र डिप्रेशनच्या २४० जणांवरच्या अभ्यासात १६ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत ५८ टक्के लोक सुधारले, मग ते पॅरोक्सेटिन या औषधावर असोत की बेक यांच्या विचारोपचारावर, म्हणजे सीबीटीवर. नंतर सुधारलेल्यांवर वर्षभर लक्ष ठेवलं. औषध बंद केलेल्यांपैकी ७६ टक्क्यांचा आजार उलटला, विचारोपचार संपलेल्यांपैकी ३१ टक्क्यांचा. औषध चालूच ठेवलेल्यांमध्ये हा आकडा ४७ टक्के होता. बोलणं कुठं जातं याचं माझ्याकडचं सगळ्यात जवळचं उत्तर हे आहे. सायकल शिकवणाऱ्यानं हात काढला तरी तोल राहतो, तसं काहीतरी माणसाजवळ राहतं.

औषधानं भागत नाही तेव्हा काय, याचंही उत्तर आहे. ब्रिटनमध्ये २०१३ च्या एका अभ्यासात गोळ्या घेऊनही डिप्रेशन न हटलेले ४६९ रुग्ण घेतले. नेहमीच्या उपचारांना सीबीटीची जोड दिली त्यातले ४६ टक्के सहा महिन्यांनी सुधारले, जोड न दिलेल्यांपैकी २२ टक्के.

इथं थांबून दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर मी विक्रेत्यासारखी बोलतेय असं होईल. डिप्रेशनवरचे ४०९ अभ्यास, सुमारे ५२ हजार रुग्ण, असा एक मोठा आढावा २०२३ मध्ये आला. सीबीटी घेतलेल्यांपैकी ४२ टक्के लोकांना ठळक फायदा झाला, न घेतलेल्यांपैकी १९ टक्क्यांना. फायदा दुपटीहून जास्त आहे, पण शंभरातले ४२, शंभर नव्हे. त्याच आढाव्यात असंही दिसलं की डिप्रेशनसाठी इतर रीतसर मानसोपचारांपेक्षा सीबीटी फार पुढे नाही. शिवाय बऱ्याच जुन्या अभ्यासांत तुलना केली आहे ती 'वेटिंग लिस्ट'वर ठेवलेल्या लोकांशी. नुसती वाट बघणाऱ्यापेक्षा कुठलाही उपचार चांगलाच दिसणार. २०१६ च्या एका आढाव्यात १४४ अभ्यास तपासले, तर दर्जाच्या कसोटीला जेमतेम १७ टक्के उतरले. १९८९ मध्ये अमेरिकेत डिप्रेशनवर सरकारी खर्चानं झालेल्या मोठ्या अभ्यासात तर जास्त तीव्र आजार असलेल्या रुग्णांमध्ये सीबीटीची कामगिरी मनासारखी नव्हती. हे सगळं जमेस धरून माझं मत असं आहे की छापील आकड्यांतून थोडं वजा करावं, पण जे उरतं ते गोळ्यांच्या तोडीचं आहे, आणि पॅनिक, सोशल फोबिया (चारचौघांत वावरण्याची भीती), ओसीडी (नको ते विचार आणि पुन्हा पुन्हा हात धुणं, तपासणं) यांसाठी ते डिप्रेशनपेक्षाही भक्कम आहे.

'हे सगळं तिकडचं, आपल्याकडे चालेल का?' असा पुढचा प्रश्न येतोच. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. डिप्रेशनचे ४९५ रुग्ण. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले सामान्य लोक होते. सहा ते आठ भेटी, आणि वापरला तो सीबीटीचा एकच भाग, वर्तन सक्रियता, म्हणजे मन लागायची वाट न बघता ठरवून थोडं थोडं काम सुरू करणं. तीन महिन्यांनी त्यातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. त्याआधी २००८ मध्ये पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आरोग्यसेविकांनी बाळंतिणींना असाच उपचार दिला. सहा महिन्यांनी त्यांच्यातल्या २३ टक्के मातांना डिप्रेशन उरलं होतं, दुसऱ्या गटात ५३ टक्क्यांना. या बाया इंग्रजी शिकलेल्या, शहरी नव्हत्या. त्यामुळे 'आपल्या लोकांना हे जमणार नाही' असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

मला हे इथंही दिसतं. निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार, चाळिशी उलटलेले. अवकाळीत माल गेला आणि त्यानंतर ते बागेत जायचेच बंद झाले. मुलगा सगळं बघायचा, हे ओट्यावर बसून. औषध चालू होतं. म्हणायचे, "मन लागायला लागलं की जाईन." आमचं काम याच वाक्यावर झालं. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ एवढाच होता की सकाळी सातला बागेत जायचं, पहिल्या ओळीपाशी दहा मिनिटं उभं राहायचं, कामाला हात लावायचा नाही. जाण्याआधी आणि आल्यावर मनाला दहापैकी किती गुण, ते मुलाच्या शाळेच्या जुन्या वहीत लिहायचं. पहिले चार दिवस दोन आणि दोन. पाचव्या दिवशी दोनाचे साडेतीन झाले, कारण त्यांना एका वेलीची तार सैल दिसली आणि त्यांनी ती ओढून बांधली. हात लावायचा नाही असं ठरलं होतं, तरी. ऑक्टोबरच्या छाटणीला ते मजुरांबरोबर उभे होते. त्यांचं कर्ज मात्र सीबीटीनं फिटलं नाही. बँकेत कधी जायचं, काय बोलायचं, कुठले कागद न्यायचे, हे आम्ही सेशनमध्ये बसून ठरवलं. खऱ्या अडचणीला 'चुकीचा विचार' म्हणणं ही सीबीटी नव्हे.

तसा सगळ्याच आजारांत हा उपचार सारखा चालत नाही. बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असेल तर पाया औषधाचाच, सीबीटीची मदत मर्यादित. माणूस जेवत नाही, उठत नाही, मरणाचं बोलतो, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, त्याच दिवशी. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ आहे, ती चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. उलट जुनाट निद्रानाशासाठी झोपेच्या गोळीआधी सीबीटी द्यावी अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ मध्येच केली आहे, हे मात्र आपल्याकडे फार कमी लोकांना सांगितलं जातं.

आता दुसरा प्रश्न, भावाला हीच पद्धत मिळेल का. वर सांगितलेला सगळा पुरावा ठराविक रीतीनं दिलेल्या उपचाराचा आहे. दारावरच्या पाटीवर सीबीटी लिहिलं म्हणून तो पुरावा त्या खोलीला आपोआप लागू होत नाही. ओसीडीत हे फार ठळक दिसतं. २००५ च्या १२२ रुग्णांच्या अभ्यासात, ज्याची भीती वाटते ते करायचं आणि नंतर हात धुणं किंवा तपासणं थांबवायचं, या उपचारानं ६२ टक्के सुधारले, क्लोमिप्रामिन या औषधानं ४२, औषध नसलेल्या गोळीनं ८. म्हणजे दाराच्या कडीला हात लावायचा आणि न धुता त्याच हातानं पोळी खायची. हे न करता 'तुमचा विचार तर्कसंगत आहे का' यावर तासन्‌तास चर्चा केली, तर ओसीडीच्या माणसाला धीर मागायला एक नवी जागा मिळते, एवढंच होतं.

माझ्याकडूनही सुरुवातीच्या वर्षांत अशी चूक झाली आहे. पॅनिकच्या रुग्णांना मी दीर्घ श्वसन आणि शिथिलीकरण शिकवायचे आणि धडधड सुरू झाली की करा म्हणायचे. त्यांना बरं वाटायचं. पण वर्षभरानं काहीजण परत आले, आणि आता त्यांच्या खिशातल्या गोळीच्या जागी माझं श्वसन होतं. 'ते केलं म्हणून वाचलो' असं त्यांना वाटत होतं. धडधड आपोआप उतरते हे मी त्यांना शिकूच दिलं नव्हतं. त्यातल्या एका बाईंनी सहा वर्षं एकटीनं बसप्रवास केला नव्हता. तो काळ त्यांना परत देता येत नाही, म्हणून हे इथं लिहिते आहे.

तेव्हा पहिल्या भेटीत भावासोबत जा आणि सरळ विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का? पॅनिकसाठी तुम्ही सेशनमध्ये नेमकं काय करता? उत्तरात शरीरातल्या संवेदना मुद्दाम आणून बघणं, टाळलेल्या जागी जाणं, दर आठवड्याचा गृहपाठ, दर काही भेटींनी प्रश्नावलीवर मोजमाप, यातलं काहीच आलं नाही तर दुसरीकडे चौकशी करा. बारा हा आकडा ठीक आहे. पाच-सहा भेटींनंतर मोजमापात जराही हालचाल नसेल तर 'अजून थोडं थांबा' यावर समाधान मानू नका, योजना काय बदलणार ते विचारा. शिफ्टमुळे आठवड्याला जाणं जमत नसेल तर व्हिडिओवर घेता येतं, पॅनिकसाठी तेही चांगलं चालतं. फी झेपत नसेल तर तेही पहिल्याच भेटीत बोला. चार सेशननंतर सोडून देण्यापेक्षा पंधरा दिवसांनी एक भेट आणि मध्ये गृहपाठ जास्त, असं बसवता येतं.

गोळीबद्दल दोन शब्द. रोजची गोळी मनानं बंद करू नका, सीबीटी तिच्यासोबत चालते. लागेल तेव्हा घ्यायची शांत करणारी गोळीही दिली असेल, तर प्रत्येक वेळी भीतीच्या जागी जाण्याआधी ती घेतली की शिकणं अर्धवट राहतं. पण ती कमी कशी आणि कधी करायची हे डॉक्टरांनीच ठरवायचं, सवय झाली असेल तर ती एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

आणि आई. त्या रोज रात्री छातीवर हात ठेवून बसतात हे वाचून मला त्यांची फार काळजी वाटली, झोप त्यांचीही जात असणार. तो हात मायेचा आहे, पण भावाला त्यातून रोज एक निरोप जातो की पहारा नसेल तर काहीतरी होईल. आजच्या आज हात काढून घ्या असं त्यांना सांगू नका. दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला त्यांना बरोबर घेऊन जा आणि भावासमोरच ठरवा. आधी आठवडाभर हात न ठेवता पलंगाशेजारी बसायचं, मग दाराशी, मग शेजारच्या खोलीत दिवा लावून. त्यानं रात्री हाक मारली तर जावं, पण नाडी न बघता. किती रात्री हाक आली ते त्यांनी कॅलेंडरवर रेघ मारून ठेवावं, आणि ते कॅलेंडर भावानं पुढच्या भेटीला घेऊन जावं.